शिकण्याचे वय

“आता वय झाले, डोक्यात काही शिरत नाही,” असे म्हणून अनेक प्रौढ हाती घेतलेले पुस्तक मिटून ठेवतात. माझ्या मते हा विनय नसून स्वतःवर केलेला अन्याय आहे. मानसशास्त्राच्या काही मूलभूत संकल्पना समजून घेतल्या, तर या समजुतीचा फोलपणा ध्यानी येतो.

अनुभवामुळे किंवा सरावामुळे वर्तनात होणारा तुलनेने स्थायी बदल म्हणजे अध्ययन. या व्याख्येत वर्गाचा उल्लेख नाही आणि वयाचाही नाही. जबलपूरच्या राइट टाउनसारख्या वस्तीत विदर्भातून लग्न होऊन आलेल्या एखाद्या मराठी स्त्रीचे उदाहरण घ्या. घरात मराठी बोलणारी ती काही वर्षांतच भाजीवाल्याशी, शेजारणींशी सहज हिंदी बोलू लागते. ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण, हा भेदही तिला व्यवहारातूनच उमगतो. गरज ही तिची प्रेरणा आणि रोजचे बोलणे हा तिचा सराव. हे अध्ययन नव्हे तर काय?

मग वाचलेला धडा का विसरतो? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी ऐन तारुण्यात निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मृतीची परीक्षा घेतली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, पाठांतरानंतरच्या पहिल्या काही तासांत विस्मरण सर्वाधिक वेगाने होते. तसेच, एकाच दिवशी सलग केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. म्हणजे विसरणे हा केवळ वयाचा दोष नव्हे. तो स्मृतीचा स्वभाव आहे आणि अंतराअंतराने केलेली उजळणी हा त्यावरील उपाय आहे.

वाढत्या वयात शिकण्याचा वेग काहीसा मंदावतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रौढांच्या अध्ययनावरील १९२८ च्या ग्रंथात, पंचविशी ते पंचेचाळिशी या काळात ही घट वर्षाला सुमारे १ टक्का इतकीच असल्याचे मांडले. शब्दसंग्रह आणि व्यवहारज्ञान तर त्यानंतरही वाढू शकते.

तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करण्यापेक्षा रोज अर्धा तास वाचावे. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून कालचे आठवून पाहावे आणि जे आठवत नाही तेवढेच पुन्हा वाचावे. ज्याने संसार, शेती वा व्यवसाय शिकून घेतला, त्याने स्वतःला ‘मंदबुद्धी’ म्हणण्याचे काहीच कारण नाही.