सायलेन्सर म्हणजे बूच नव्हे!

काल रात्रीचे साडेअकरा. जेल रोडला आमच्या बिल्डिंगखाली फट्‌ फट्‌ फटाक्‌! अँजिओप्लास्टी होऊन नुकतेच घरी आलेले बाबा दचकून उठले, हात छातीवर. पुढे तासभर आम्ही दोघं हॉलमध्ये नुसते बसून होतो. म्हणून ह्या शनिवारी कोडबिड राहू दे, जरा भांडूया.

आवाज करणारा शेजारचाच पोरगा. सकाळी त्याला खाली गाठला.

"दादा, कंपनीच्या सायलेन्सरमध्ये दमच नाही. इंजिनाचा श्वास कोंडतो. हा इंदोरी लावला, आता बुलेट मोकळी पळते."

"मग ईसीयूचा मॅप बदललास का?"

"कसला मॅप?"

इथेच सगळं आलं!

मी काही साधू नाही. पहिल्या पगारावर जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट घेतली तेव्हा मीही हाच उद्योग केला होता. जेटला हात न लावता. महिनाभरात प्लग पांढराफटक, इंजिन तापलेलं, आणि कसारा घाटात गाडी मान टाकायची. आवाज मात्र वाघाचा :) शेवटी मिस्त्रीने जुना सायलेन्सर परत चढवला, आणि वर मला दोन शब्द सुनावले.

मुद्दा असा की सायलेन्सर हे इंजिनाच्या तोंडावर बसवलेलं बूच नव्हे, तो इंजिनाचाच भाग आहे. पाइपात दाबाच्या लाटा पुढेमागे फिरतात. त्या वेळेवर आल्या तर जळलेला गॅस नीट बाहेर पडतो. पाइप बदलला की हे टायमिंग बदलतं, आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू आपल्या ठरलेल्या तक्त्यावरच चालतो. आणि तो तक्ता कंपनीच्या पाइपासाठी लिहिलेला असतो, तुमच्या इंदोरीसाठी नाही. थ्रॉटल सोडल्यावर येणारा तो 'फटाका' म्हणजे न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जळतंय. ताकद नव्हे, तुमचेच पैसे!

गंमत म्हणजे बंदुकीतही हेच. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरने 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांच्या एक्झॉस्टसाठीही सायलेन्सर विकले. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलला सायलेन्सर लावला की दाब जास्त वेळ टिकतो, बोल्ट जोरात मागे येतो आणि रायफल अडकू लागते. मग गॅसचं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. तिथे सायलेन्सर चढवला, इथे काढला, पण धडा एकच: एक भाग बदललात तर बाकीचं जुळवा. आपण ऑफिसात एक लायब्ररी बदलली तरी सगळ्या टेस्ट पुन्हा चालवतो. गाडीच्या बाबतीत मात्र ही अक्कल कुठे जाते?

समजा मॅपही बदललात, गाडी खरंच चांगली पळाली. तरी बाबांच्या झोपेचं काय? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल. डेसिबलचं माप असं की 10 वाढले तर ध्वनीची ऊर्जा दसपट. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाचे निकष मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलीस जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, फोटो छापून येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माल दुकानात टांगलेला. रोलर दुकानाच्या दारात कधी पोहोचणार?

"माझी गाडी, माझे पैसे" हे ऐकून कंटाळा आलाय. गाडी तुमची, कान आमचे. आम्ही नाशिक रोडकर रेल्वेचे भोंगे आणि देवळालीच्या तोफा ऐकत वाढलो, आवाजाला घाबरत नाही. पण त्या आवाजांना काही काम असतं. तुमच्या फटाक्याला कुठलं?

असो. पोरगा "बघतो दादा" म्हणालाय. त्याचा कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर पडलाय म्हणे. उद्या रविवार आहे, पाने घेऊन मीच खाली उतरणार आहे.