काळ्या पट्टीखालचं नाव

2024 च्या ऑक्टोबरात बेंगळुरू एफसीचा संघ अंधेरीच्या क्रीडासंकुलात खेळायला आला, त्या संध्याकाळी माझ्या पुढच्याच रांगेत कॉलेजातला एक मुलगा बसला होता. अंगात मुंबई सिटीची आकाशी जर्सी. पाठीवर भेके हे नाव छापलेलं, पण त्यावर त्यानं इलेक्ट्रिशियनकडची काळी टेप आडवी चिकटवली होती. घामानं टेपचं एक टोक सुटलं होतं आणि शेवटचं अक्षर बाहेर डोकावत होतं. आता बेंगळुरूकडून खेळणाऱ्या राहुल भेकेच्या पायाशी चेंडू आला की तो उभा राहून ‘गद्दार’ म्हणून ओरडायचा, बसताना पाठीवर हात नेऊन ते टोक पुन्हा दाबायचा. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. आझाद नगर मेट्रोच्या जिन्यापर्यंत मी त्याच्या मागेच चालत होतो. टेप पुन्हा सुटली होती.

त्याचा राग खोटा नव्हता. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, 4 मे 2024 ला, याच भेकेनं मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीगचा चषक उचलला होता. मोहन बागानच्या गर्दीसमोर आपण एका गोलनं मागे पडलो, मग पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि वोइतुस यांनी गोल करून सामना 3-1 असा फिरवला. त्याच्या दहा दिवस आधी फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध नव्वदावं मिनिट लागलं तेव्हा आपण 0-2 असे पिछाडीवर होतो. पंच शिट्टी वाजवेपर्यंत छांगतेचे दोन आणि विक्रम प्रतापचा एक असे तीन गोल झाले. टीव्हीसमोर बसून पाहणाऱ्या आमच्या घरात त्या रात्री कुणाला झोप आली नाही. असा संघ एका उन्हाळ्यात पांगला. भेके, नोगेरा आणि दियाझ बेंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुया मोहन बागाननं रक्कम मोजून नेला. हंगामाच्या मध्यावरच आपल्याला सोडून गेलेला ग्रेग स्टुअर्टही त्याच मोहन बागानच्या जर्सीत दिसला. पुढच्या मोसमात आपण सहाव्या क्रमांकावर घसरलो आणि 29 मार्च 2025 ला बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर बाद फेरीत 0-5 असे हरलो. पाचवा गोल दियाझचा होता. तो पाहताना मलाही उठून जावंसं वाटलं.

या सगळ्यातून आपल्या चाहत्यांत एक मत पक्कं झालं आहे. ते मांडणारी माणसं मैदानावर येणारी, जीव लावणारी आहेत, म्हणून ते नीट मांडतो. त्यांचं म्हणणं असं, की आजच्या खेळाडूला जर्सीचं मोल नाही. चार पैसे जास्त दिसले की तो जातो. पूर्वीचे खेळाडू एका क्लबात आयुष्य काढत. त्यात भेके तर मुंबईत जन्मलेला, मराठी घरातला मुलगा, आपला कर्णधार. परक्यानं जाणं समजू शकतं, पण घरच्यानं जाणं ही दगाबाजीच. मला हे मत मान्य नाही.

आधी पूर्वीच्या निष्ठेचं पाहू. चुनी गोस्वामी सारी कारकीर्द मोहन बागानमध्ये खेळले, हे खरं. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे राहिले, कोलकात्याच्या तिन्ही बड्या क्लबांपैकी एकाकडूनही खेळले नाहीत, हेही खरं. पण गोस्वामी स्टेट बँकेत नोकरीला होते आणि बॅनर्जींच्या जर्सीवरची रेल्वे हीच त्यांची नोकरी होती. त्या काळी खेळाडूला बांधून ठेवायची ती महिन्याची पगारी नोकरी. आपल्याकडे कूपरेजवर हारवुड लीग खेळणारे संघही बहुतेक कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचेच होते. टाटा, मफतलाल, ऑर्के, महिंद्र. मुलगा चांगला खेळतो म्हणून त्याला नोकरीत चिकटवून घेत. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत राहायची, म्हाताऱ्या आईवडिलांना औषधं मिळायची. मोठ्या निष्ठेनं ती माणसं खेळली, पण त्या निष्ठेला पाठीशी एक हमी होती. आजच्या खेळाडूकडे ती नाही. त्याच्याकडे दोन-तीन वर्षांचा करार असतो आणि तो संपण्याची तारीख असते. पेन्शन नाही, बदलीवर दुसरं टेबल नाही. पस्तिशीच्या आसपास खेळ संपतो आणि पुढची तीस वर्षं खायचं काय, हा प्रश्न उरतो. नोकरीच्या काळातली निष्ठा आपण कराराच्या काळात मागतो आहोत, आणि तीही फक्त एकाच बाजूकडून.

क्लबांनी खेळाडूंशी कशी निष्ठा ठेवली, हे मुंबईकराला तरी सांगायला नको. महिंद्र युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीनं संघच बंद केला. भेके ज्या मुंबई एफसीतून पुढे आला, तो संघ 2017 मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. आज त्याला जुन्या क्लबाकडे परतायचं म्हटलं तर तो क्लब कुठे आहे? 1891 साली याच शहरात सुरू झालेला रोव्हर्स कपही गेला. त्या संघांवर, त्या स्पर्धेवर कुणी काळी पट्टी चिकटवली नाही.

आणि आता आपलाच क्लब पाहा. 2019 मध्ये मॅंचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं आपल्या क्लबाचे 65 टक्के समभाग घेतले. त्यांच्याच काळात दोन चषक आणि साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याला मिळणारे दोन शील्ड आले, ते मी विसरणार नाही. 2025 मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या हक्कांच्या कराराचा तिढा पडला. जुलैत लीग स्थगित झाली, ऑगस्टात बेंगळुरूनं खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. वर्ष संपलं तरी लीगच्या नव्या मोसमाचा एकही सामना झाला नव्हता, आणि डिसेंबरात सिटी समूहानं आपला हिस्सा सोडला. लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता हे कारण दिलं. व्यवहार म्हणून मला ते समजतं. पण जगभर क्लब असलेला समूह अनिश्चिततेला कंटाळून निघून जाऊ शकतो, आणि तेहतीस वर्षांच्या बचावपटूनं करार संपल्यावर दुसरीकडे खात्रीची नोकरी धरली की तो गद्दार, हा न्याय कुठला?

आपल्याच बाजूचं आणखी एक विसरता येत नाही. 2020 मध्ये आपण एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक लोबेरा आणले, त्यांच्यामागोमाग फॉल, जाहू, बुमूस आणि मंदार राव देसाई आले. मंदार गोव्याचाच, तिथल्या लोकांचा लाडका. गोव्याच्या चाहत्यांनी तेव्हा जे भोगलं त्याचं आपल्याला काहीच वाटलं नाही. पहिल्याच मोसमात शील्ड आणि चषक दोन्ही आले, आपण नाचलो. दियाझ 2022 मध्ये केरळा ब्लास्टर्सहून आला तेव्हा तिकडचे लोक आपण आज वापरतो तेच शब्द वापरत होते. नोगेराही एफसी गोवाहून आलेला. अपुया नॉर्थईस्ट युनायटेडकडून आणलेला. आपल्याकडे आला की ‘साइनिंग’ आणि आपल्याकडून गेला की ‘गद्दारी’, असं दुहेरी माप मला तरी पटत नाही. अपुयानं पुढच्या वर्षी मोहन बागानसाठी जमशेदपूरविरुद्ध उपांत्य सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी लांबून गोल मारला, शील्डही जिंकलं आणि चषकही. त्याचा निर्णय चुकला, असं कोण म्हणेल?

शिवाय जाणाऱ्या सगळ्यांवर आपण रागावतोच असं नाही. डेस बकिंगहॅम 2023 च्या नोव्हेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, आपलं प्रशिक्षकपद सोडून ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. ज्या गावच्या क्लबात ते वाढले तिथून बोलावणं आलं, म्हणून आपण त्यांना प्रेमानं निरोप दिला. योग्यच केलं. भेकेनं तर हंगाम पुरा केला, करार पुरा केला, हातात चषक दिला आणि मग गेला.

इथे एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. करार संपला हे ठीक, पण कर्णधारानं क्लबासाठी थोडं कमी घेतलं असतं तर? घेतलं असतं तर मी त्याला नमस्कार केला असता. पण दुसऱ्यानं करायच्या त्यागाची रक्कम आपण प्रेक्षकांत बसून ठरवू शकत नाही. चर्चेच्या खोलीत काय बोलणं झालं, कुणी आधी हात आखडला, हे आपल्याला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे त्यावरून मात्र दोष दाखवता येतो. बचावाचा कर्णधार, मधल्या फळीचा सूत्रधार आणि गोल करणारा, या तिघांचे करार एकाच उन्हाळ्यात संपले. आगपेटीतल्या काड्या एकदम पेटाव्यात तसे. हे कुणाच्या निष्ठेचं नाही, नियोजनाचं प्रकरण आहे. फिफाच्या नियमानं करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी उघड बोलता येतं. म्हणजे ते सहा महिने सुरू होण्याआधी ज्याची सही झाली नाही, तो निम्मा गेलाच समजायचा. 1995 मध्ये बेल्जियमच्या बोसमाननं न्यायालयात लढून करार संपलेल्या खेळाडूला मोकळं केलं, त्यालाही आता तीस वर्षं झाली. एवढ्या काळात क्लबाच्या कचेरीत बसणाऱ्यांना हे पाठ व्हायला हवं होतं.

नवे लोक वाईट होते असंही मी म्हणणार नाही. कारेलिस, वान नीफ, गोव्याहून आलेला ब्रँडन फर्नांडिस ही हलकी नावं नव्हेत. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात सॉल्ट लेकवर दोन गोलांची पिछाडी भरून 2-2 अशी बरोबरी केली होती. 11 मार्चला त्याच कांतीरवावर आपण 2-0 असे जिंकून सहावी जागा पक्की केली, आणि अठरा दिवसांनी तिथेच पाच गोल खाल्ले. चांगली माणसं होती, पण एकमेकांच्या पायांची सवय व्हायला वेळ लागतो. ती सवय एका उन्हाळ्यात मोडून दुसऱ्या उन्हाळ्यात विकत मिळत नाही. एवढ्यावर आपण शहाणं व्हायला हवं होतं. पण 2025 मध्ये पुन्हा तेच. मेहताब सिंग मोहन बागानला गेला आणि बिपिन ईस्ट बंगालला. बिपिन सात हंगाम इथे होता. 2021 च्या अंतिम सामन्यात, रिकाम्या फातोर्ड्यात, नव्वदाव्या मिनिटाला त्यानंच पहिला चषक मिळवून दिला होता, आणि 2024 च्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल होता. त्याला निरोप द्यायला अंधेरीत एक भरलेलं मैदान हवं होतं.

चाहत्यानं मागायचं ते हे मागावं. महत्त्वाच्या खेळाडूशी करार संपायला वर्ष उरलेलं असतानाच बोलणी सुरू करा. तिघांच्या तारखा एका मे महिन्यात येऊ देऊ नका. अपुयासारखा मोहरा पैसे घेऊन सोडावा लागला, तर त्या पैशातला वाटा मुंबई, ठाणे, पालघर, कोल्हापूरच्या मुलांवर घाला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तेव्हा पेठाच्या पेठा रस्त्यावर उतरतात. तिथला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. अशा पोरांना सतराव्या वर्षी लांबचा करार द्या, सोबत शिकायची सोय करा, दुखापत झाली तर पगार चालू राहील हे कागदावर लिहून द्या. आता क्लब पुन्हा मूळच्या मुंबईच्या मालकांकडे आला आहे. मॅंचेस्टरकडे बोट दाखवायची सोय राहिलेली नाही. तेव्हा फलक धरायचे तर या मागण्यांचे धरू, आणि ते खेळाडूंच्या बोगद्याकडे नाही, मालकांच्या कक्षाकडे तोंड करून धरू.

आणि भेके. 2019 च्या मार्चमध्ये याच अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेच्या 117 व्या मिनिटाला, त्यानं हेडर मारून बेंगळुरूला गोव्याविरुद्ध चषक जिंकून दिला होता. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोलही त्याच्याच डोक्यातून आला, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा पहिला विजय, आपल्या जर्सीतला. पुढच्या वेळी तो अंधेरीत उतरला की त्याचं नाव पुकारताना मी उभा राहून टाळ्या वाजवणार आहे. मग शिट्टी होईल, आणि आपल्या विंगरनं त्याला चकवून आत घुसावं म्हणून घसा फोडून ओरडेन. तो मुलगा त्या दिवशी पुन्हा पुढच्या रांगेत असला, तर त्याच्या पाठीवरची टेप मला सोडवायची आहे.