वाडा टिकतो तो नांदता राहिला तर

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यात आपला पन्हाळाही आहे. वारणा खोऱ्याला याचा अभिमान वाटतो. पण पन्हाळा म्हणजे ओसाड गड नव्हे. तिथे नगरपरिषद आहे, बाजार आहे, पिढ्यान् पिढ्या राहणारी घरे आहेत. ताराराणींच्या वाड्यात तर शाळा भरते.

१८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. वाडा मात्र आजही उभा आहे. ज्या वास्तूत रोज केर काढला जातो, छप्पर गळू लागले की पहिल्याच सरीत कुणाच्या तरी लक्षात येते, तीच टिकते. म्हणूनच वारशाच्या नावाखाली गडावरचा माणूस हलवण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये.

वारसा म्हटला की निर्बंध येतील, ही रहिवाशांची धास्ती खोटी नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. नियम हवेतच, पण नियमाबरोबर मदतीचा हातही हवा. पन्हाळ्याच्या पावसात चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की आत मुरलेले पाणी कोंडून राहते आणि भिंत आतून पोखरते. हे घरमालकाला आधी कोण सांगणार? चुना मळणारा गवंडी त्याला कोण शोधून देणार?

उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिस शहराने हे काम मनावर घेतले. जुन्या वस्तीच्या जतनासाठी तिथे १९६७मध्ये संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय त्याच वस्तीतल्या दार लसराम या सरदारी वाड्यात आहे. तिच्या पुढाकाराने हफ्सिया हा पडझड झालेला भाग पुन्हा राहता झाला आणि त्या कामाला १९८३ व १९९५ असा दोनदा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

पन्हाळ्यावरही असे कार्यालय उघडावे. पुरातत्त्व खाते, नगरपरिषद आणि रहिवासी यांनी तिथे एकत्र बसावे. दुरुस्तीचा अर्ज, सल्ला आणि कारागीर एकाच ठिकाणी मिळावेत. वारणानगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी जुन्या घरांची मोजमापे घेऊन नकाशे करावेत. माळरानावर सहकारातून साखर कारखाना उभारणाऱ्या या खोऱ्याला एवढे जड नाही. युनेस्कोचा मान मिळाला. आता गडावरच्या माणसांना सोबत घेऊन तो राखण्याची जबाबदारी आपली आहे.