जोडीनें सरकणाऱ्या खिडक्या

आमचे घरीं तीर्थरूपांच्या हातची एक वही आहे. गीतेवरील त्यांचीं टिपणें तींत आहेत. तिचीं छायाचित्रें घेऊन, मजकूर संगणकावर उतरवून सर्व भावंडांस प्रती वांटाव्या, असें आम्हीं मनावर घेतलें. चि. सौ. सूनबाईंनीं मजकूर उतरविला. ताडून पाहण्याचें काम आम्हांकडे.

पडद्यावर डाव्या खिडकींत वहीचें पान, उजव्या खिडकींत उतरविलेला मजकूर. डावें सरकवावें, मग उजवें, पुन्हां डावें. ह्या येरझारांत दुसऱ्या अध्यायावरील सहा ओळी गळाल्या. लागोपाठच्या दोन टिपणांचा आरंभ एकाच शब्दानें होता. दृष्टि एकावरून दुसऱ्यावर घसरली. जुन्या लेखकूंच्या ह्याच चुकीवर आम्हीं वर्गांत मुलांस हंसविलें होतें! प्रती वांटल्यावर वहिनींनीं पुण्याहून कळविलें, "मामंजींनीं मला तोंडपाठ करविलेलें टिपणच ह्यांत नाहीं." आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं.

दोन लेख एकदम सरकविण्याची सोय 'वर्ड'मध्यें आहे, 'विम'मध्येंही आहे. पण ती त्या त्या साधनाच्या घरांतली. आमचें चित्र एका साधनांत, मजकूर दुसऱ्यांत. तेव्हां ही सोय डेस्कटॉपनेंच करावयास हवी. डेस्कटॉप हा सर्व खिडक्यांचा कारभारी. माउसच्या चाकाचा फेरा कोणत्या खिडकीस द्यावयाचा हें तोच पाहतो. त्यानें दोन खिडक्यांस सांखळी घालून तोच फेरा दोघींस द्यावा, एवढेंच आमचें मागणें. लिनक्सवरील केडीई (आरंभ १९९६) आणि ग्नोम (१९९७) ह्यांची घडण कोणासही पाहावयास खुली असल्यानें तें तेथें मांडण्यास हरकत नसावी.

अडचण मात्र आहे. खिडकीच्या आंत मजकूर किती लांब, हें कारभाऱ्यास ठाऊक नसतें. शिवाय एका फेऱ्यांत एक साधन तीन ओळी सरकेल, तर दुसरें अर्धें पान. जूं एकच असून एक बैल पुढें जावयाचा. म्हणून प्रमाण ठरविण्याची मुभा असावी: डावीकडे चार फेरे, तर उजवीकडे एक. आणि एक कळ दाबून धरली असतां सांखळी सुटावी, ओळी जुळवून कळ सोडतांच पुन्हां बसावी. आमचे मतें ही दुसरी सोय अधिक मोलाची. हस्तलिखिताचें अक्षर कोठें दाट, कोठें विरळ, त्यास कोणतेंही प्रमाण फार वेळ पुरत नाहीं.

तूर्त सूनबाई वही मोठ्यानें वाचतात आणि आम्ही पडद्यावर बोट ठेवून ऐकतों. काल पांचवा अध्याय संपला. त्या सहा ओळी आम्हीं आपल्या हातानें लिहून वहिनींकडे टपालानें पाठविल्या आहेत.