विश्लेषण : जीएसटीचा दर बदलला, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय बदलायचे?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टर आणि ठिबक संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, सिमेंट २८ वरून १८ वर, तर वह्यांवरील १२ टक्के कर शून्य झाला. नांदेडचा ट्रॅक्टर विक्रेता असो की लातूरच्या गंजगोलाईतील वह्यांचा दुकानदार, त्या दिवसापासूनच्या विक्रीला नवा दर लावणे भाग होते. १० हजारांच्या ठिबक साहित्यावर जुनाच दर राहिला, तर शेतकऱ्याच्या खिशातून ७०० रुपये जादा जातात.

हा दर प्रोग्राममध्ये कुठे असतो?

बिलाच्या प्रोग्राममध्ये बिल, ग्राहक, वस्तू असे वेगवेगळे ‘ऑब्जेक्ट’ असतात. घाईत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये १२ हा आकडा थेट कोडमध्येच ठोकलेला सापडतो. कधी बिलात, कधी कोटेशनमध्ये, कधी महिन्याच्या अहवालात. एक जागा राहून गेली की कोटेशन ५ टक्क्यांचे आणि बिल १२ टक्क्यांचे. म्हणून असे आकडे कोडबाहेर, सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवतात. एकच ऑब्जेक्ट ते वाचतो आणि बाकीच्यांना पुरवतो. बिलाने दर विचारायचा, बदलायचा नाही.

मग तिथला आकडा बदलला की काम झाले?

नाही, खरी गोम इथेच आहे. २० सप्टेंबरला २८ टक्क्यांनी घेतलेल्या सिमेंटच्या काही गोण्या ऑक्टोबरमध्ये परत आल्या, तर क्रेडिट नोट मूळ २८ टक्क्यांनीच काढावी लागते. सेटिंगमध्ये २८ खोडून १८ लिहिले असतील, तर प्रोग्रामला जुना दर माहीतच नसतो. ग्राहकाला परतावा कमी मिळतो, दुकानदाराचा हिशेब जुळत नाही. त्यामुळे प्रत्येक दरासोबत तो कधीपासून लागू, ही तारीखही हवी. जुनी नोंद पुसायची नाही, तिच्याखाली नवी जोडायची. बिलाने मग ‘सिमेंटचा दर किती?’ असे न विचारता ‘२० सप्टेंबरला सिमेंटचा दर किती होता?’ असे विचारायचे. जीएसटी २०१७ पासून आहे आणि दर अधूनमधून बदलतच आले आहेत. तरीही तारखेचा रकाना नसलेले सॉफ्टवेअर विकले जावे, हे नवलच.

दुकानदाराने काय तपासावे?

२२ सप्टेंबरपूर्वीचे एखादे बिल उघडून पुन्हा प्रिंट काढावे. त्यावर नवा दर उमटला, तर सॉफ्टवेअर देणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा.