पत्र वाचले म्हणजे काम झाले नव्हे



पूर्वी कोणत्याही शाळेच्या कार्यालयात गेले की टेबलावर दोन जाडजूड वह्या दिसत. एक आवक, दुसरी जावक. टपाल आले की कारकून आधी आवक नोंदवहीत क्रमांक टाकी. तारीख, पत्र कोणाकडून आले, विषय काय, कोणाकडे दिले, असे रकाने भरले जात. अगदी शेवटी एक अरुंद रकाना असे, 'शेरा' किंवा 'निकाल' नावाचा. तो कोरा असेपर्यंत ते पत्र जिवंत समजले जाई. मुख्याध्यापक अधूनमधून वही मागवीत आणि कोऱ्या रकान्यांबद्दल विचारणा करीत.

आता बहुतेक पत्रे ई-मेलने येतात. कोणाकडून, कधी, विषय काय, हे सारे इनबॉक्समध्ये आपोआप दिसते. नाही तो फक्त शेवटचा रकाना. पत्र उघडले की ठळक अक्षरे बारीक होतात आणि आपल्याला वाटते, झाले. प्रत्यक्षात आपण ते नुसते पाहिलेले असते.

हा धडा मी चांगलाच महागात शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कार्यालयाचे काम मी पाहत होतो. शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांबद्दल एक ई-मेल आला, कन्नड आणि इंग्रजीत. मी तो भालकीहून बिदरला जाताना एस.टी.त मोबाइलवर उघडला. 'घरी गेल्यावर नीट वाचू' म्हणून बंद केला. त्यावर आणखी पत्रे येऊन पडली आणि तो खाली गेला. पुढे एका मुलीचे वडील दारात उभे राहिले. "सर, आमच्या लेकीच्या अर्जाचं काय झालं वो?" मुदत संपून दोन दिवस झाले होते. कागदपत्रे माझ्याच कपाटात तयार होती. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. पण यंत्राने मला आठवणही करून दिली नव्हती.

ही अडचण जगभर अनेकांना आली. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले, तेव्हा त्यात एक गिगाबाइट जागा दिली. त्या वेळी हॉटमेलवर फुकट मिळणारी जागा अवघी दोन मेगाबाइट होती. म्हणजे सुमारे पाचशे पट! तोवर जागा कमी म्हणून लोक पत्रे निकालात काढत आणि पुसून टाकत. आता पुसण्याची गरज उरली नाही. पत्रे साठत गेली आणि करायची कामे त्या ढिगात हरवू लागली. पुढे २००७ साली मर्लिन मान या अमेरिकन लेखकाने गूगलच्या कार्यालयात 'इनबॉक्स झीरो' नावाचे व्याख्यान दिले आणि तो शब्द सर्वत्र पसरला.

त्याच काळात यावर एक तोड निघाली. फायरफॉक्स या ब्राउझरला छोटे छोटे जोड-प्रोग्राम लावता येत. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. त्यांपैकी जीटीडी-इनबॉक्स (पुढे त्याचे नाव ॲक्टिव्हइनबॉक्स झाले) जीमेलच्या पानावरच पत्राला 'पुढे करायचे', 'उत्तराची वाट पाहतो' अशा खुणा लावू देई. २०१० साली बूमरँग आले. अमुक दिवशी हे पत्र पुन्हा माझ्यासमोर आण, असे त्याला सांगता येई. थोडक्यात, इनबॉक्सला नसलेला तो शेवटचा रकाना बाहेरच्या माणसांनी जोडून दिला. कल्पना उत्तम होती, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

तरीही आपल्या शाळेच्या खात्यावर असा ॲड-ऑन घाईने लावू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण किल्लीचे. ॲड-ऑन मेलच्या पानात शिरून काम करतो, म्हणून आपल्याला जे दिसते ते त्यालाही दिसू शकते. लावताना तो परवानगी मागतो: या संकेतस्थळावरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. आपण न वाचता 'होय' म्हणतो. आज तो ॲड-ऑन प्रामाणिक असेलही, पण तो आपोआप अद्ययावत होत असतो आणि त्याचा मालकही बदलू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हा क्रोमचा ॲड-ऑन लाखो लोक वापरत. त्याचे काम मेलचे नव्हते, पण गोष्ट बोधप्रद आहे. २०२० मध्ये मूळ कर्त्याने तो दुसऱ्याला विकला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला तो काढून टाकावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीच्या ॲड-ऑनमध्ये चोरट्यांनी शिरकाव केला. शाळेच्या मेलमध्ये मुलांचे जन्मदाखले, जातीचे दाखले, बँक खात्यांचे क्रमांक असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कार्यालयाच्या कपाटाची किल्ली आपण अनोळखी माणसाला देत नाही, मग ही कशी द्यायची?

दुसरे कारण टिकण्याचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचे असंख्य ॲड-ऑन एका फटक्यात बंद पडले. कामांची यादी ॲड-ऑनच्या पोटात असेल, तर तो गेल्यावर यादीही जाण्याची भीती. आवक नोंदवही मात्र पन्नास वर्षांनीही उघडून वाचता येते.

तिसरे कारण आपल्या घरचेच. आपल्याकडे बहुतेक पालक आणि शिक्षक पत्रे मोबाइलवर वाचतात. संगणकावरच्या क्रोममध्ये लावलेला ॲड-ऑन मोबाइलवरच्या क्रोममध्ये चालत नाही. म्हणजे आठवण कार्यालयातल्या संगणकावर आणि माणूस एस.टी.त!

मग करायचे काय? पुष्कळशा सोयी आता मेलमध्येच आल्या आहेत. जीमेलमध्ये पत्राचे थेट 'टास्क' करता येते, तारीख घालता येते. 'स्नूझ' केले की ठरल्या दिवशी पत्र पुन्हा वर येते. ही सोय २०१८ पासून आहे आणि मोबाइलवरही चालते. आधी या वापराव्यात. एवढ्याने भागले नाही, तर स्वतःच्या खासगी खात्यावर ॲड-ऑन जरूर लावून पाहावा, पण परवानगी वाचून, आणि ज्याच्या खुणा मेलच्या लेबलांतच राहतात असा निवडून. शाळेच्या खात्यावर मात्र विश्वस्त मंडळाच्या लेखी संमतीशिवाय काहीही लावू नये.

त्याहून महत्त्वाची एक सवय आहे. आपण सीमेवरची माणसे. बेंगळुरूचे पत्र कन्नडमध्ये, केंद्राचे इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि घरचे बोलणे मराठीत. परक्या भाषेतले पत्र 'नंतर वाचू' म्हणून बाजूला पडते, हे माझ्या एस.टी.तल्या प्रसंगावरून दिसतेच. म्हणून पत्र कोणत्याही भाषेत असो, त्यातले काम आपल्या भाषेत, एका वाक्यात लिहावे. 'शिष्यवृत्तीबाबत' हे काम नव्हे, तो विषय झाला. 'सातवीच्या मुलांचे उत्पन्न दाखले शुक्रवारपर्यंत गोळा करून पाठवणे' हे काम झाले. त्यापुढे नाव आणि तारीख. एवढे लिहिताना पत्र नीट वाचावेच लागते.

विश्वस्तांना माझी विनंती आहे की, दर महिन्याच्या सभेत 'निकाल न लागलेली पत्रे' हा विषय ठेवावा. पाच मिनिटे पुरतील. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आमच्याहून या गोष्टी लवकर शिकता. घरी आई-वडिलांच्या मोबाइलवर शाळेचे किंवा शिष्यवृत्तीचे पत्र आले, तर त्यांच्याजवळ बसा, त्यातले काम मराठीत लिहून द्या आणि तारखेची आठवण लावून द्या.

त्या मुलीला पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली, पण गेलेले वर्ष परत आले नाही. दारात उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी मला एकही कडू शब्द ऐकवला नव्हता. म्हणूनच तो प्रश्न अजून कानात आहे.