विंचू आणि उघडी वही

भातकापणी सुरू झाली की आपल्या रायगडात विंचवाच्या गोष्टी निघतात. पेंढा उचलताना, लाकडं ओढताना, रचलेल्या विटा हलवताना डंख बसतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेणारा तो छोटा तांबडा विंचू. पेण-रोह्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. कुणी दम करून घेई, कुणी विंचू उतरवणाऱ्याकडे धाव घेई. पुष्कळसे डंख आपोआप बरे होणारेच असत, त्यामुळे उतरवणाऱ्याचं नाव होई. जे दगावत त्यांचा हिशेब मात्र कुणाच्याच वहीत नसे.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव बावस्कर त्यांचं नाव. जालना जिल्ह्यातल्या देहेडसारख्या लहान गावात जन्म, नागपूरला एमबीबीएस. विंचू चावलेली मुलं, शेतमजूर, बायाबापड्या त्यांच्यासमोर येत आणि डोळ्यांदेखत जात. त्या काळी तांबड्या विंचवाच्या विषाने गंभीर झालेल्या शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण वाचत नसत. पुस्तकांत याबद्दल फारसं काही नव्हतं. मग या डॉक्टरने खाटेजवळ बसून टिपणं काढायला सुरुवात केली. घाम किती, उलट्या कधी, हातपाय केव्हा थंड पडले, रक्तदाब कसा चढला आणि कसा उतरला, फुप्फुसांत पाणी कधी साचलं.

ही निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून पाहिली. विषामुळे शरीरातली अ‍ॅड्रेनलीनसारखी रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. ही गोळी त्या वाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. चाळीसवरचा आकडा एकच्या आसपास उतरला. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ही कहाणी वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल.

आम्हाला मात्र या कहाणीतला नंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि तो फार कमी सांगितला जातो. गोळीने नाव झालं, जगभर संदर्भ दिले जाऊ लागले. एखादा तिथेच थांबला असता. या दांपत्याने नोव्हेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात महाडच्या आपल्या दवाखान्यात ७० रुग्णांवर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. म्हणजे ज्या गोळीने त्यांना नाव दिलं ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतः मोजलं आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून टाकलं. कोणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. चाचणीच्या दृष्टीने ही एक मर्यादाच, पण तीही निबंधाच्या शीर्षकातच लिहिलेली आहे.

असं उघडं करणं का गरजेचं असतं, ते कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिलं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आठवतात ना? जंतांवरचं हे औषध घराघरांत पोचलं होतं. शेजारच्या गोव्यात तर मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ते देण्याची घोषणा झाली. त्या औषधाच्या बाजूने ज्या अभ्यासांचा हवाला दिला जाई, त्यांतला एक गाजलेला अभ्यास इजिप्तमधला होता. इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच तो इंटरनेटवर ठेवला गेला होता. मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक कमी होतात असा दावा! लंडनमध्ये शिकणाऱ्या जॅक लॉरेन्स नावाच्या विद्यार्थ्याने तो अभ्यास वाचायला घेतला. काही परिच्छेद दुसरीकडून उचललेले निघाले. मग त्याने मूळ आकड्यांची फाईल मिळवली. ती कुलूपबंद होती, आणि कुलपाची किल्ली निघाली १२३४. आत काय होतं? अभ्यास सुरू होण्याच्या आधीच वारलेली माणसं अभ्यासात मेली म्हणून दाखवलेली, आणि एकाच रुग्णाच्या नोंदी पुन्हा पुन्हा उतरवल्यासारख्या दिसणाऱ्या ओळी. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. मोठमोठ्या लोकांनी त्याचा हवाला दिला होता. मूळ आकडे उघडून पाहिले ते एका विद्यार्थ्याने.

शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवह्या पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. चाळीस मुलांच्या लंबकाचं उत्तर दशांशापर्यंत सारखं येतं. पुस्तकातलं उत्तर माहीत असतं, वाचनं मागाहून लिहिली जातात. तीच मुलं पुढे डॉक्टर होतात.

यावर आपल्या देशात एक चांगली सोय आहे, आणि ती घरातल्या माणसांनाही ठाऊक हवी. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी १५ जून २००९ पासून सक्तीची झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था ती चालवते. पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून द्यायचं: कुणावर, किती जणांवर, काय मोजणार, पैसा कुणाचा. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रश्न बदलायची मग सोय उरत नाही. ही वही कुणालाही विनामूल्य पाहता येते. घरातल्या कुणाला रुग्णालयात ‘आमच्या अभ्यासात भाग घ्या’ म्हणून सांगितलं, तर सही करण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा. तो तुमचा हक्क आहे. विचारल्याने उपचार थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत.

एमडीचे प्रबंधही तिथे नोंदवता येतात. आमची एक जुनी विद्यार्थिनी, मूळची रोह्याची, सध्या एमडी करते आहे. नाव सांगत नाही. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या घेण्याची मोबाइलवर रोज आठवण केली तर रक्त वाढतं का, हा तिचा विषय. गावोगाव फिरून तिने बायका गोळा केल्या, सासवांची समजूत घातली. आणि शेवटी निघालं काय, तर फरक नाही. आठवण केलेल्या आणि न केलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन जवळजवळ सारखं.

गेल्या ईदला ती घरी आली होती. अब्बा तिचे खट्टू. “सर, तुम्हीच सांगा हिला. दोन वर्षं घासली आणि काहीच निघालं नाही?”

आम्ही म्हटलं, “भाईजान, आठवण करून भागत नाही हे निघालं की! उद्या कुणी याच कामावर सरकारचे पैसे घालणार असेल, तर त्याला हे कळायला नको?”

ते हसले, पण पटलं असं वाटलं नाही. खरी अडचण तिने आम्हाला अंगणात सांगितली. तिच्या विभागातल्या एका वरिष्ठांनी सुचवलं होतं, की आठ-दहा बायका यादीतून गाळ, आकडा जुळेल, निबंध चांगल्या ठिकाणी लागेल. प्राध्यापकांच्या बढतीला निबंध लागतात, मुलांनाही पुढच्या अर्जासाठी लागतात. त्यामुळे अशा सल्ल्यात कुणाला फार वावगं वाटत नाही. तिला वाटलं होतं. त्या बायकांनी सुईला बोट दिलं ते तिच्या शब्दावर. ते आकडे तिच्याकडे अमानत होते, त्यांतले आवडते ठेवून नावडते टाकायचे कसे?

“मग काय म्हणालीस त्यांना?”

“भांडले नाही, सर. म्हटलं, नोंदणीत बायकांची संख्या आधीच लिहिली आहे. हिमोग्लोबिन कितव्या महिन्यात मोजणार तेही लिहिलंय. दहा कमी केल्या तर का कमी केल्या ते लिहावं लागेल. काय लिहू?”

ते काहीच बोलले नाहीत म्हणे.

प्रबंध आता सादर झाला आहे. मागच्या पानांवर सगळ्या बायकांचा तक्ता आहे, नावं काढून, फक्त क्रमांक. मध्येच माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत त्या सहाजणींचीही ओळ आहे, पुढे ‘आल्या नाहीत’ असं लिहून.